निळ्या पेन्सिलीचं वर्तुळ

"माझं वर्तुळ घेतलंस ना गं, मॉडेलबाई?"

तांबटकाका माझ्या खुर्चीमागे येऊन उभे होते. हातात जेवणाचा डबा, खांद्यावर कापडी पिशवी. शनिवार होता, ऑफिस दोनला सुटायचं. मी कॉम्प्युटर बंद करायच्या गडबडीत होते. मागे वळूनही न बघता मी म्हणाले, "घेतलंय."

"नक्की?"

"घेतलंय हो काका. मॉडेलमध्ये आहे."

"मग मंगळवारी मी साइटवर जात नाही. नातीच्या शाळेत बोलावलंय. नाहीतर गेलोच असतो."

"नका जाऊ. शाळेत जा तुम्ही."

"बरं झालं," ते म्हणाले आणि चपला सरकवत निघून गेले.

एवढंच बोलणं झालं. अर्ध्या मिनिटाचंही नसेल. त्याला आता नऊ वर्षं झाली, पण अजूनही माझ्या खुर्चीमागे कुणी येऊन उभं राहिलं की माझी मान ताठ होते. मागचा माणूस बिचारा नुसतं काहीतरी विचारायला आलेला असतो.

तांबटकाकांचं पूर्ण नाव गंगाधर तांबट. आमच्या शहराच्या पाणीपुरवठा विभागात ड्राफ्ट्समन म्हणून तेहेतीस वर्षं काढून निवृत्त झालेले. जकात नाका चौकातल्या उड्डाणपुलाच्या डिझाइनचं काम आमच्या कंपनीला मिळालं, तेव्हा शहराच्या पोटात काय काय पुरलंय हे सांगायला कुणीतरी जुनं माणूस हवं होतं. म्हणून आमच्या हर्डीकर सरांनी त्यांना पुन्हा टेबल-खुर्ची दिली. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. पुण्याहून बिमचं प्रशिक्षण घेऊन नुकतीच परत आले होते आणि मला चांगली शिंगं फुटली होती.

बिम म्हणजे काय, हे मी त्या दिवसांत भेटेल त्याला समजावून सांगत असे. पूल आधी कॉम्प्युटरमध्ये पूर्ण बांधायचा. नुसतं चित्र नव्हे. प्रत्येक खांब, त्याचा पाया, त्याच्या शेजारून जाणारी पाण्याची पाइप, विजेची केबल, सगळं खऱ्या मापानं आणि खऱ्या खोलीवर. प्रत्येक वस्तूची माहिती त्या वस्तूलाच चिकटलेली असते. कुणी बनवली, कशाच्या आधारावर, कधी बदलली, सगळं. आणि दोन वस्तू एकाच जागी आल्या की मॉडेल त्या लाल करून दाखवतं. त्याला क्लॅश म्हणतात. कागदावर पाण्याचा नकाशा एका कपाटात आणि पुलाचा दुसऱ्यात, त्यामुळे ही टक्कर खणल्याशिवाय कळतच नाही.

"म्हणजे लग्नाआधी पत्रिका बघायची," तांबटकाका पहिल्याच दिवशी म्हणाले. "छत्तीस गुण जुळले की उडवायचा बार."

त्या दिवसापासून त्यांनी मला मॉडेलबाई म्हणायला सुरुवात केली. आम्ही पाच महिने शेजारी बसलो. त्यांनी आपल्या जुन्या विभागातून दोनशे बारा ट्रेसिंग, म्हणजे अर्धपारदर्शक कागदावरचे जुने नकाशे, आणल्या, मी त्या स्कॅन केल्या आणि ते सांगतील तसं एकेक पाइप मॉडेलमध्ये उभी करत गेले. काकूंच्या हातचे कुळथाचे शेंगोळे त्यांच्या डब्यात असले, की अर्धे माझ्या झाकणात पडत. माझे वडील मी कॉलेजात असतानाच गेले होते. उगाच लपवत नाही, मला तांबटकाका फार आवडायचे.

एके दिवशी त्यांनी एकशे त्रेचाळीस नंबरची मूळ ट्रेसिंग उलगडली आणि खिडकीच्या काचेवर धरली.

"हे कुठं गेलं तुझ्या मॉडेलात?"

मला आधी काही दिसलंच नाही. मग उजेड नीट आल्यावर दिसलं. चौकाच्या मधोमध फिकट निळ्या पेन्सिलीनं काढलेलं, रुपयाएवढं वर्तुळ.

"स्कॅनमध्ये नाही आलं."

"येणारच नाही. ते न येण्यासाठीच काढलेलं असतं."

मग त्यांनी मला निळ्या पेन्सिलीचा नियम सांगितला. जुन्या काळी ट्रेसिंगवरून अमोनिया प्रिंट काढत, आणि फिकट निळी पेन्सिल त्या प्रिंटमध्ये उमटत नसे. ड्राफ्ट्समन लोकांनी त्याची एक पद्धतच करून टाकली होती. मोजलेलं, तपासलेलं ते काळ्या शाईत. पाहिलंय किंवा ऐकलंय, पण मोजलेलं नाही, ते निळ्यात. प्रिंट ठेकेदाराकडे जाई, निळं ऑफिसातच राही. मात्र ज्यानं निळं काढलं, त्यानं तिथं खणायच्या दिवशी स्वतः जाऊन उभं राहायचं. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण त्या विभागात तो कुणी मोडल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

"शाईला सही लागते," ते म्हणाले. "निळ्याला माणूस लागतो."

"आणि या वर्तुळात काय आहे?"

"उच्छ्वास."

आमच्या शहराखालून जुना खापरी नळ जातो. डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या दगडी बोगद्यातून, भाजलेल्या खापराच्या नळांमधून गावात आणलेलं. आतली हवा निघून जावी म्हणून जागोजागी विहिरीसारखी उभी भोकं वर काढलेली असतात, त्यांना उच्छ्वास म्हणतात. बरेचसे आता बुजले आहेत. एकोणऐंशी साली चौकात पाइप टाकताना असाच एक उघडा पडला. तांबटकाका तेव्हा नोकरीला नवे होते.

"मी पालथा पडून आत पाहिलं," ते म्हणाले. "तोंडावर गार वारा आला बघ. वैशाखातली दुपार, आणि गार वारा. तळ काही दिसला नाही. वर मुकादम ओरडत होता. त्यानं एक फरशी टाकली, वर माती लोटली, झालं. मोजायलाही दिलं नाही. मी आपला चिंचेपासून पावलं टाकत गेलो. बारा भरली, जकात नाक्याच्या अंगाला."

"कुठली चिंच?"

"होती चौकात. रस्ता रुंद केला तेव्हा तोडली."

मी त्याच दुपारी उच्छ्वास मॉडेलमध्ये काढला. व्यास अंदाजे तीन फूट, खोली अंदाजे पंचवीस. पाण्याच्या पाइप निळ्या होत्या म्हणून त्याला नारिंगी रंग दिला. माहितीचा स्रोत या रकान्यात काय लिहावं कळेना, म्हणून लिहिलं: तांबटकाका. एंटर दाबलं मात्र, एकोणीस नंबरच्या खांबाचा पाया लालभडक झाला.

प्रेझेंटेशन गुरुवारी होतं. महापालिकेचे आयुक्त, मुंबईहून येणारे सल्लागार, पत्रकार. आमच्या भागात असं मॉडेल पहिल्यांदाच होत होतं आणि हर्डीकर सरांनी सगळ्यांना 'झीरो क्लॅश'चा शब्द दिलेला होता. मी त्यांना लाल खांब दाखवला.

"याला पुरावा?" त्यांनी विचारलं.

"तांबटकाकांनी स्वतः पाहिलंय."

"कधी?"

"एकोणऐंशी साली."

"मोजलं कुठून?"

"चिंचेपासून."

"आणि चिंच कुठाय?"

सर हसले आणि त्यांच्याबरोबर मीही हसले. हर्डीकर सर वाईट माणूस नव्हते, हे मुद्दाम सांगते. त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. पण ते माझं हसणं मला आज आठवतं तेव्हा अंगावर काटा येतो, कारण काचेच्या दरवाजापलीकडे काका बसलेले होते आणि आम्हाला हसताना बघून तेही हसले होते.

"मॉडेलमध्ये 'कदाचित' नसतं, रेवती," सर म्हणाले. "एक तर वस्तू आहे, नाहीतर नाही. रडारवाल्यांना बोलावून जमीन तपासून घेऊ, पण ते गुरुवारनंतर. सध्या बाजूला ठेव."

बाजूला ठेवायची सोय मॉडेलमध्ये असते. वस्तू पुसायची नाही, एका वेगळ्या गटात टाकायची आणि तो गट बंद करून ठेवायचा. मी गट बनवला, त्याला 'नंतर बघू' असं नाव दिलं, नारिंगी वर्तुळ त्यात टाकलं आणि गट बंद केला. एकोणीस नंबरचा खांब पुन्हा राखाडी झाला.

"चला, सुंठीवाचून खोकला गेला," सर म्हणाले.

त्याच आठवड्यात मी साइटवर गेले होते. खांबांसाठी खोल भोकं पाडायचं काम चौकाच्या एका टोकाला सुरू झालं होतं. मोठं यंत्र भोक पाडायचं आणि काठावर उभा राहून एक माणूस वजन बांधलेली फीत आत सोडून खोली मोजायचा. त्याचं नाव मल्लप्पा. आळंदकडचा, तिशीतला, सीमेवरची गोड मराठी बोलणारा. मी टॅबवर मॉडेल फिरवत होते तर तो खांद्यावरून वाकून बघायला लागला.

"बाई, ह्यात मी कुठं हाय?"

मॉडेलमध्ये उंचीचा अंदाज यावा म्हणून माणसांचे पुतळे ठेवता येतात. मी त्याच्यासमोरच एक पिवळ्या हेल्मेटचा पुतळा उचलला आणि सहज हाताला आला त्या खांबाशेजारी ठेवला.

"हा तू."

मल्लप्पा इतका खूश झाला की त्यानं मोबाइलवर त्याचा फोटो काढला. "बायकूला दावतो," म्हणाला. "आमी पुलात हाय म्हणून." मी पुतळा काढायचं विसरून गेले. ज्या खांबाशेजारी तो ठेवला, तो एकोणीस नंबरचा होता.

गुरुवारचं प्रेझेंटेशन जोरात झालं. पडद्यावर पूल वळणं घेत गेला, जमीन पारदर्शक झाली, खालच्या पाइप आणि केबली एकमेकींना न शिवता निघून गेल्या. शेवटी मोठ्या अक्षरांत शून्य आलं आणि सभागृहात टाळ्या झाल्या. सगळ्यात मागच्या खुर्चीवर तांबटकाका होते. त्यांच्या टाळ्या सगळ्यांच्या थांबल्यावरही चालू होत्या. शेजारच्या माणसाला सांगत होते, "आमच्याच ऑफिसातली आहे ती."

त्यानंतर मॉडेल मंजूर झालं, म्हणजे त्याला कुलूप लागलं. माझ्या टेबलावर 'बिम प्रमुख' अशी पाटी आली. रडारवाल्यांना मी एक मेल टाकला. पुढच्या महिन्यात बघू, असं उत्तर आलं. मी दुसरा मेल टाकला नाही. दर सोमवारी ठरवायचे की आज सरांकडे विषय काढायचा, आणि दर सोमवारी दुसरंच काहीतरी निघायचं. वर्तुळ उघडायचं म्हणजे, टाळ्या पडलेलं ते शून्य खोटं होतं असं स्वतःच्या तोंडानं सांगायचं. मी विसरले असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण मी विसरले नव्हते.

आणि मग तो शनिवार आला. मंगळवारी एकोणीस नंबरच्या खांबाचं भोक पाडायचं होतं. काकांनी विचारलं, आणि मी उचलली जीभ लावली टाळ्याला. खोटंही नव्हतं ते. वर्तुळ मॉडेलमध्ये होतंच. मॉडेलमध्ये आहे म्हणजे खांब सरकवला असणार, असं त्यांनी धरलं, आणि त्यांनी असंच धरावं अशी माझी इच्छा होती. तेहेतीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदा निळ्याकडे पाठ फिरवली, ती माझ्या एका शब्दावर.

मंगळवारी अकरा वीसला साइटवरून फोन आला.

मी स्कूटर कशी चालवली मला माहीत नाही. चौकात पोहोचले तेव्हा यंत्र एका बाजूला कललेलं होतं. त्याच्या पट्ट्याखालची जमीन बसली होती आणि जिथे सकाळपर्यंत सपाट रस्ता होता तिथे काळं तोंड उघडलं होतं. काठाला फुटलेल्या फरशीचा अर्धा तुकडा लटकत होता. दोरखंड सोडले होते, माणसं ओरडत होती. मी पुढे सरकले तशी माझ्या तोंडावर हवा आली. ऊन कडक होतं, आणि हवा गार होती.

मल्लप्पाला बाहेर काढायला चार तास लागले.

चौकशी समिती तीन जणांची होती. आमच्याच ऑफिसच्या मोठ्या खोलीत बसली. त्यांच्यासमोर स्कॅनचे कागद होते, त्यात निळं कुठेच नव्हतं. मूळ ट्रेसिंग स्कॅन झाल्यावर रद्दीत गेल्या, असं आमच्या रेकॉर्डवर होतं.

"मॉडेलमध्ये या ठिकाणी काही दाखवलं होतं का?" अध्यक्षांनी मला विचारलं.

"मंजूर मॉडेलमध्ये नव्हतं," मी म्हणाले.

हेही खरंच होतं. त्या सबंध प्रकरणात मी एकही वाक्य खोटं बोलले नाही. हर्डीकर सर माझ्याकडे न बघता समोरच्या ग्लासातलं पाणी प्यायले.

मग तांबटकाकांना बोलावलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

"इथं जुना उच्छ्वास आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं साहेब."

"कुणाला सांगितलं होतं?"

काकांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. माझ्या खुर्चीमागे उभे राहून उत्तराची वाट बघायचे ना, तसंच. मी खाली टेबलाकडे बघत राहिले. टेबलावर चहाच्या कपाचा एक गोल डाग होता.

"कुणालाच नाही," काका म्हणाले. "विसरलो. वय झालं."

"एवढी मोठी गोष्ट विसरलात?"

"हो."

अध्यक्षांनी लिहून घेतलं. बाहेरच्या व्हरांड्यात मी काकांना गाठलं. काय बोलायचं ते ठरवून गेले होते, पण त्यांनीच आधी विचारलं, "घेतलं होतंस ना तू?"

"हो काका."

"मग मशीननं सोडलं असेल. नाही?"

दोन्ही हातांनी माझ्या पुढ्यात ठेवलेला प्रश्न होता तो. नाही म्हणायला एक क्षण पुरला असता.

"असेल," मी म्हणाले.

त्यांनी दोन वेळा मान हलवली आणि जिना उतरून गेले. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की निवृत्त कर्मचाऱ्याच्या विस्मरणामुळे कामगाराचा बळी गेला. त्यांचं टेबल रिकामं झालं. सहा महिन्यांनी मला पुण्याच्या ऑफिसात मोठी जागा मिळाली.

पुलाचं काम पुढे पूर्ण झालं. एकोणीस नंबरचा खांब नऊ फूट सरकवला, उच्छ्वास काँक्रीटनं भरला. मी आईला भेटायला गावी जायचे तेव्हा रिक्षा पुलाखालून जाई, आणि पहिल्यांदा दिसलं तेव्हा मला वाटलं, भास झाला. खांबाशेजारी तांबटकाका उभे होते. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी. रिक्षावाला म्हणाला, "ते म्हातारं दर मंगळवारी असतं. अकरा वाजता येतं, तासभर उभं राहतं. ट्रॅफिकवाल्यानं विचारलं तर म्हणतं, काही नाही, उभा आहे. डोक्यावर परिणाम झालाय म्हणतात."

मी रिक्षा थांबवली नाही. त्यानंतर मंगळवारी गावी जायचं टाळू लागले. पण टाळून काय होतं? पुण्यात बसल्या बसल्या भिंतीवरच्या घड्याळात मंगळवारचे अकरा वाजायचेच. कुठलंही नवं मॉडेल हातात आलं की मी सगळ्यात आधी त्यातले बंद गट उघडून बघायचे. पोरं हसत, मॅडमना सवय आहे म्हणत. रात्री डोळे मिटले की राखाडी खांब दिसायचा, आणि त्याच्याजवळ पिवळ्या हेल्मेटचा माणूस.

अशी सहा वर्षं गेली. मग एका बुधवारी दुपारी रिसेप्शनवरून फोन आला, तांबट नावाचे कुणी आलेत.

ते खूप वाळले होते. काखेत पत्र्याची लांब नळी होती. पाणी दिलं, ते सगळं प्यायले. घरचं विचारलं, तर म्हणाले, नात आता इंजिनिअरिंगला आहे. तिनं त्यांना सांगितलं होतं, आजोबा, मॉडेलमधली गोष्ट अशी आपोआप सुटत नाही. सगळ्याची नोंद असते.

"मला एकदा ते मॉडेल बघायचंय," ते म्हणाले. "आहे का अजून?"

"आहे."

जुनी फाइल उघडायला वेळ लागला. ते माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. बसा म्हटलं तर नको म्हणाले. पडद्यावर चौक आला, एकोणीस नंबरचा खांब आला.

"आणि हा कोण?" त्यांनी पिवळ्या हेल्मेटवर बोट ठेवलं.

"मल्लप्पा. त्याला हवा होता म्हणून ठेवलेला."

मागे त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"आता माझं वर्तुळ दाखव."

मी गटांची यादी उघडली. 'नंतर बघू' अगदी तळाला होतं. क्लिक केलं. नारिंगी उच्छ्वास जमिनीतून वर आला आणि खांब लाल झाला. मल्लप्पाचा पुतळा वर्तुळाच्या काठावर होता.

"होतं म्हणजे," ते हळूच म्हणाले.

"होतं."

"याच्यावर काय लिहिलंय ते वाच बघू. माझा चष्मा घरी राहिला."

मी वर्तुळावर क्लिक केलं. माहितीची चौकट उघडली. "व्यास तीन फूट. खोली पंचवीस फूट, अंदाजे. स्रोत, तांबटकाका."

"पुढं."

"बनवणारा, रेवती घोटणकर."

"पुढं?"

पुढची ओळ शेवटच्या बदलाची होती. वस्तू मूळ जागेवरून काढून बंद गटात कुणी टाकली आणि कोणत्या तारखेला. मी मागे वळून पाहिलं. काकांच्या शर्टाच्या खिशातून चष्म्याची केस वर डोकावत होती. त्यांनी ती लपवायचीही तसदी घेतली नव्हती.

"वाच ना," ते म्हणाले. "थांबलीस का?"

"शेवटचा बदल," मी वाचलं. आवाज माझा मलाच ओळखू येईना. "रेवती घोटणकर. प्रेझेंटेशनच्या आदल्या दिवशी. मी केलं काका. मशीननं नाही सोडलं. मी बंद केलं, आणि तुम्हाला घेतलंय म्हणाले."

मी रडत होते. त्यांनी मला रडू दिलं. मग खुर्ची ओढून पहिल्यांदा बसले.

"मला त्या समितीच्या खोलीतच कळलं होतं," ते म्हणाले. "तू मान वर केली नाहीस तेव्हाच. म्हटलं, पोरगी आहे, घाबरलीय. आज नाही तर उद्या सांगेल. तोवर कुणीतरी उभं राहायला हवं. निळ्याला माणूस लागतो. म्हणून मी तुझी जागा धरून उभा राहिलो."

"सहा वर्षं?"

"मला कुठं माहीत होतं, तुला एवढा वेळ लागेल?"

ते हे चिडून बोलले असते तर मला सोसलं असतं.

"दरवर्षी आळंदला जातो," ते पुढे म्हणाले. "मल्लप्पाची बायको एकच विचारते, माझ्या नवऱ्याची तर चूक नव्हती ना? मी सांगतो, नव्हती बाई, माझी होती. आता गुडघे साथ देत नाहीत. इथून पुढं तू जा."

उठताना त्यांनी पत्र्याची नळी टेबलावर ठेवली. आत एकशे त्रेचाळीस नंबरची ट्रेसिंग होती. रद्दीत जायच्या आधीच त्यांनी ती घरी नेली होती. सहा वर्षं तो पुरावा त्यांच्या घरात होता, आणि त्यांनी तो कुणापुढेही उलगडला नव्हता.

मी महापालिकेला सगळं लिहून कळवलं. अर्ज मिळाल्याची पोच आली, त्यावर एक क्रमांक होता. पुढे काही आलं नाही. हर्डीकर सरांनी फोनवर विचारलं, आता कशाला? मी आळंदला जाऊन आले. तिथं काय झालं ते माझ्यापाशीच राहू दे. पुण्याची नोकरी सोडली. गावी आईजवळ राहते, लहानसहान कामं करते. तांबटकाका गेल्या पौषात गेले.

मंगळवारी अकराला मी एकोणीस नंबरच्या खांबापाशी असते. तिथं आता खणायचं काही उरलेलं नाही, हे मला ठाऊक आहे. परवा नवा ट्रॅफिक हवालदार आला होता. बराच वेळ माझ्याकडे बघून शेवटी जवळ आला.

"मॅडम, कुणाची वाट बघताय का?"

"काही नाही," मी म्हणाले. "उभी आहे."